ध्वनिमुद्रिकेचे वेष्टन

आकाशवाणीवरून चित्रांविषयी बोलावयाचे म्हणजे डोळ्यांचा विषय कानांच्या स्वाधीन करावयाचा. त्यातून मी ज्या चित्रांविषयी बोलणार आहे ती काही भिंतीवर टांगण्यासाठी काढलेली नाहीत. त्यांना सोनेरी चौकट लाभली नाही, आणि ती काढणाऱ्यांपैकी फार थोड्यांची नावे आपल्या ओळखीची आहेत. ध्वनिमुद्रिकेचे वेष्टन, ज्याला आपण घरोघर रेकॉर्डचे कव्हर म्हणतो तो सुमारे बारा इंच लांब आणि तेवढाच रुंद असा पुठ्ठ्याचा चौकोन, हा आजचा विषय आहे.

वेष्टन ही वस्तू मुळात टाकून देण्यासाठीच जन्माला येते. मिठाई घरी आली की पुडक्याचा कागद कोणी जपून ठेवीत नाही. साबणाची वडी वापरावयास काढली की तिचे आवरण केराच्या टोपलीत जाते. रेकॉर्डच्या वेष्टनाचे मात्र तसे झाले नाही. ते टिकले, संग्रहात गेले, त्यावर ग्रंथ लिहिले गेले, त्याची प्रदर्शने भरली. असे का व्हावे? ते सुंदर होते म्हणून, एवढे उत्तर पुरेसे नाही. माझ्या मते खरे कारण असे की, गाणे हे अदृश्य असते, आणि त्या अदृश्याला नाव आणि रूप देण्याचे काम या पुठ्ठ्याने केले. नाव आणि रूप या दोन शब्दांभोवतीच हे भाषण फिरणार आहे. आणि त्यांपैकी नावाकडे मी श्रोत्यांचे लक्ष अधिक वेधणार आहे.

एमिल बर्लिनर यांनी १८८७ साली ग्रामोफोनचे पेटंट घेतले आणि त्यातून सपाट तबकडीचे युग सुरू झाले. पुढे या तबकड्या लाखेचे मिश्रण घालून होऊ लागल्या. ती लाख मोठ्या प्रमाणावर आपल्या देशातून जात असे. म्हणजे पाश्चात्त्य संगीत कोणत्याही देशातले असो, ते ज्या पदार्थावर कोरले जाई त्यात भारताच्या रानातल्या किड्यांचा वाटा होता! मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. तिचे वेष्टन म्हणजे तपकिरी किंवा करड्या कागदाची एक साधी पिशवी. पिशवीच्या मधोमध वाटोळे भोक पाडलेले असे, ते अशासाठी की तबकडीच्या पोटावर चिकटवलेली चकती त्यातून वाचता यावी. गाण्याचे नाव, गाणाऱ्याचे नाव, जे काही सांगावयाचे ते तळहाताएवढ्या त्या चकतीवर.

आणि त्याही आधी? १९०२ सालच्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग हे ग्रामोफोन कंपनीचे तंत्रज्ञ कलकत्त्याला आले आणि त्यांनी गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. त्या काळच्या रेकॉर्डच्या अखेरीस एक गंमत ऐकू येते. गाणे संपते आणि गायिका इंग्रजीत आपले नाव सांगते. हा निव्वळ मिरवण्याचा प्रकार नव्हता. मुद्रण येथे होई, पण तबकड्या तयार होत जर्मनीत, हानोव्हर येथे. तिकडच्या कारागिरांना हिंदुस्थानी गाणे कोणाचे, हे कळावे कसे? चकतीवर नाव चुकू नये म्हणून आवाजानेच आपली ओळख सांगावयाची. म्हणजे ध्वनिमुद्रिकेचे पहिले वेष्टन हे स्वराचेच होते, असे म्हणावयास हरकत नाही.

‘अल्बम’ हा शब्द या व्यवसायात कसा आला, हेही पाहण्याजोगे आहे. मोठी रचना तीन मिनिटांच्या एका तबकडीत मावत नसे. तिच्यासाठी अनेक तबकड्या लागत. १९०९ साली ओडियन कंपनीने चायकोव्हस्कीचा ‘नटक्रॅकर सुइट’ चार तबकड्यांत एकत्र बांधून विकला. पुढे छायाचित्रांच्या वहीप्रमाणे तबकड्या ठेवण्याच्या जाड वह्या निघाल्या, आणि वहीचे नाव आतल्या संगीताला चिकटले. आज वही नाही, तबकडीही बहुधा नाही. अल्बम मात्र आहे. पण या वह्यांची बाहेरची बाजू कमालीची रुक्ष असे. काळे किंवा तपकिरी पुठ्ठे, कण्यावर सोनेरी अक्षरात नाव, बस्स. दुकानात ओळीने मांडलेल्या या वह्यांना व्यवसायातील लोकच ‘थडग्यावरचे दगड’ म्हणत असत.

या दगडांना जिवंत करणारा माणूस न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनचा. अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस यांचा जन्म १९१७ सालचा. पंचविशीही ओलांडली नव्हती अशा वयात, १९३९ साली, ते कोलंबिया कंपनीत चित्रकार म्हणून आले आणि त्यांनी वरिष्ठांकडे एक साधा आग्रह धरला : वहीच्या तोंडावर चित्र छापू या. खर्च वाढणार होता, तरी प्रयोगाला परवानगी मिळाली. १९४० साली रॉजर्स आणि हार्ट यांच्या गीतांचा अल्बम निघाला. त्याच्या मुखपृष्ठावर एका नाट्यगृहाच्या दिव्यांच्या पाटीचे छायाचित्र होते आणि त्या पाटीवर गीतकार-संगीतकारांची नावे झळकत होती. पुढे बेथोवेनच्या ‘इरॉइका’ सिंफनीला चित्रमय वेष्टन चढवल्यावर तिची विक्री अनेक पटींनी वाढल्याचे प्रसिद्ध झाले, आणि मग दगडांचे दिवस संपले.

स्टाइनवाइस यांचे वैशिष्ट्य असे की ते गायकाचा किंवा वादकाचा हसरा चेहरा छापून मोकळे होत नसत. ते आधी संगीत ऐकत आणि मग त्याचा अर्थ रेषांत शोधत. बार्टोकच्या पियानो कॉन्चेर्टोसाठी त्यांनी पियानोच्या पोटातील हातोड्या, पट्ट्या आणि तारा घेऊन रचना केली, आणि बार्टोक हंगेरीचे म्हणून तिच्यात एका शेतकऱ्याच्या आकृतीची सूचना ठेवली. पॉल रोबसन या थोर कृष्णवर्णीय गायकाच्या स्वातंत्र्यगीतांच्या अल्बमवर त्यांनी साखळदंडाने जखडलेला एक बळकट हात काढला. त्या हातात सुरी आहे. गाणे ऐकण्यापूर्वीच ऐकणाऱ्याच्या मनाची तार लागावी, अशी ती योजना. आपल्याकडे मैफलीत गायक येण्यापूर्वी तंबोरे जुळवले जातात. वातावरण आधी तयार होते, गाणे मागाहून येते. चांगले वेष्टन हेच तंबोऱ्याचे काम करते. आणि आणखी एक गोष्ट : स्टाइनवाइस आपल्या चित्रावर आपली सही करीत.

१९४८ साली कोलंबियाने मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेणारी, व्हिनाइल या प्लास्टिकची लाँग प्ले रेकॉर्ड बाजारात आणली. एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. परंतु तिच्या बारीक खोबणीवर जुन्या जाड कागदाच्या घड्यांचे वण उमटत. यावर उपाय म्हणून पातळ पुठ्ठ्यावर छापील कागद चिकटवून केलेले नवे आवरण स्टाइनवाइस यांनीच सिद्ध केले. आज आपण ज्याला रेकॉर्डचे कव्हर म्हणतो ते हेच. चित्रकाराला आता फूटभर चौरस मैदान मिळाले, आणि पाठीमागे तेवढेच मैदान लेखकाला.

या मैदानात पुढच्या वीस वर्षांत जे घडले त्याचा संपूर्ण वृत्तान्त पंधरा मिनिटांत देता येणार नाही. दोन-तीन उदाहरणे देतो. हिटलरच्या जर्मनीतून निसटून आलेले बर्लिनचे दोन मित्र, आल्फ्रेड लायन आणि फ्रान्सिस वुल्फ, यांनी न्यूयॉर्कमध्ये ब्लू नोट ही जाझची छोटी कंपनी चालवली. मुद्रण चालू असताना वुल्फ वादकांची छायाचित्रे घेत : घामाने डवरलेले कपाळ, मिटलेले डोळे, सिगारेटचा धूर. रीड माइल्स या संकल्पनकाराने १९५६ पासून सुमारे अकरा वर्षे त्या छायाचित्रांना कात्री लावून, एखाददुसरा रंग आणि मोठी ठसठशीत अक्षरे यांच्या बळावर शेकडो वेष्टने केली. पैसा थोडा, रंग थोडे. पण दारिद्र्याची शैली कशी होते याचा तो वस्तुपाठच होय. आणि त्यातले कौतुक असे की, माइल्स यांचा स्वतःचा ओढा जाझपेक्षा अभिजात पाश्चात्त्य संगीताकडे होता.

दुसरे उदाहरण नील फुजिता यांचे. हे जपानी वंशाचे, जन्माने हवाई बेटांवरचे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत कोंडले, त्यांत हेही होते. त्याच देशाच्या सैन्यात भरती होऊन ते लढले, आणि युद्धानंतर कोलंबिया कंपनीत आले. १९५९ साली डेव्ह ब्रुबेक यांच्या ‘टाइम आउट’ या रेकॉर्डवर त्यांनी आपले स्वतःचे अमूर्त चित्र छापले. ज्यांनी आधुनिक चित्रकलेच्या दालनात कधी पाऊल टाकले नसते अशा हजारो घरांत ते चित्र गेले, आणि कोणी तक्रार केली नाही. बाऊहाउसचे नामांकित आचार्य योसेफ आल्बर्स यांनीही त्याच सुमारास काही रेकॉर्डांसाठी ठिपक्यांच्या आणि चौकोनांच्या रचना करून दिल्या. नव्या चित्रकलेची एवढी स्वस्त आणि एवढी फिरती शाळा दुसरी नसेल.

तिसरे उदाहरण बीटल्स या इंग्रज गायकांच्या ‘सार्जंट पेपर’चे. १९६७ सालच्या या वेष्टनावर पीटर ब्लेक आणि जान हॉवर्थ यांनी जगातील नामवंतांचा एक मेळावाच उभा केला. त्यात परमहंस योगानंद आणि त्यांच्या परंपरेतील गुरू, असे चार भारतीय आहेत. पाचवी आकृती महात्मा गांधींची होती. परंतु भारतातील ग्राहकांना हे रुचणार नाही, या भीतीने ईएमआय कंपनीच्या प्रमुखांनी ती काढावयास लावली. इंग्लंडमधील एका पुठ्ठ्यावरचे चित्र ठरवताना भारतीय ग्राहकाच्या भावनेचा विचार झाला, यावरून वेष्टन ही किती बोलकी वस्तू झाली होती हे दिसते. त्याच वेष्टनाच्या पाठीवर सर्व गीतांचे शब्द छापले होते. गाण्याचे शब्द हे वाचण्याचीही वस्तू आहे, हा मान लोकप्रिय संगीताला तेथे मिळाला.

आता आपल्या घराकडे वळू. भारतात अनेक वर्षे रेकॉर्डचे चित्र म्हटले की एकच चित्र डोळ्यांपुढे येई : कर्ण्यासमोर कान देऊन बसलेला कुत्रा. फ्रान्सिस बॅरॉड या इंग्रज चित्रकाराचे ते चित्र १८९९ साली ग्रामोफोन कंपनीने शंभर पौंडांना, हक्कांसह, विकत घेतले. गाणारा कोणीही असो, कुत्रा तोच. कारखान्याची ओळख पक्की झाली. कलावंताची मात्र झालीच असे नाही. १९४९ सालच्या ‘महल’ चित्रपटातील ‘आयेगा आनेवाला’ या गाण्याच्या रेकॉर्डवर गायिकेचे नाव म्हणून ‘कामिनी’ असे छापले होते. कामिनी हे चित्रपटातल्या नायिकेचे नाव! आवाज लता मंगेशकरांचा, हे श्रोत्यांना चकतीवरून कळण्याची सोय नव्हती. ज्या आवाजाने पुढे सारा देश भारून टाकला, तोही एकेकाळी असा बिननावाचाच घराघरांत शिरला होता.

लाँग प्ले रेकॉर्ड आली आणि आपल्या अभिजात संगीताला पहिल्यांदा ऐसपैस बैठक मिळाली. १९५५ साली अमेरिकेत अली अकबर खाँ यांची रेकॉर्ड निघाली. तिच्या आरंभी यहुदी मेन्युइन यांनी आपल्या आवाजात वादकांची आणि रागांची ओळख करून दिली. तबल्याच्या साथीला चतुरलाल होते. मुंबईला ग्रामोफोन कंपनीत जी. एन. जोशी होते, जे मराठी रसिकांना भावगीतगायक म्हणून आधीच परिचित. त्यांनी ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची रेकॉर्ड साठच्या दशकाच्या उत्तरार्धात सिद्ध केली. एका मेंढपाळाचा पहाटेपासूनचा दिवस रागांच्या क्रमाने उलगडावा, ही तिची कल्पना. ही कथा संतूर सांगू शकत नाही, बासरीही नाही; ती सांगितली वेष्टनाच्या पाठीने. तेथील मजकूर वाचला की पुढचे स्वर त्या मेंढपाळाच्या मागोमाग चालू लागतात. वेष्टनाची पाठ म्हणजे आमच्या संगीतसमीक्षेची एक उपेक्षित शाखा आहे. राग कोणता, ताल कोणता, तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, तंबोऱ्यावर कोण, ही माहिती तेथे मिळे, आणि लहान गावातला विद्यार्थी गुरूवाचून तेवढे शिकून घेई.

चित्रपटगीतांच्या वेष्टनांचा थाट निराळा. तेथे दर्शनी बाजू नायक-नायिकांची. भित्तिपत्रकच आक्रसून आलेले असे. गीतकार आणि गायक बहुधा पाठीमागे, बारीक अक्षरात. तरीही ते असत, हे महत्त्वाचे. १९७५ सालच्या ‘शोले’च्या संवादांची रेकॉर्ड निघाली तेव्हा तर गाण्यावाचून नुसते बोलणे वेष्टनात घालून विकता येते, हेही सिद्ध झाले.

पुढचा इतिहास हा आक्रसण्याचा इतिहास आहे. ऐंशीच्या दशकात घरोघर कॅसेट आली आणि बारा इंचांच्या मैदानाची पत्त्याएवढी चिठ्ठी झाली. १९८२ साली जपानमध्ये कॉम्पॅक्ट डिस्क विक्रीस आली. तिची पुस्तिका बारा सेंटिमीटरांची. आणि आता मोबाइलच्या पडद्यावर गाणे येते तेव्हा वेष्टनाचे चित्र नखाएवढे असते, आणि त्याला पाठ नसतेच. जुन्या गोष्टींचे रडगाणे गाण्याचा माझा हेतू नाही. आज खेड्यातला मुलगा क्षणार्धात जे संगीत मिळवू शकतो ते त्याच्या आजोबांना जन्मभरात मिळाले नसते. हा लाभ फार मोठा आहे. शिवाय लोकांना ती चौकोनी वस्तू हवीशी वाटते, याचाही पुरावा आहे. अमेरिकेत २०२२ साली व्हिनाइल रेकॉर्डांच्या सुमारे ४ कोटी १० लाख प्रती खपल्या, तर कॉम्पॅक्ट डिस्कच्या ३ कोटी ३० लाख. १९८७ नंतर प्रथमच रेकॉर्डने डिस्कला संख्येत मागे टाकले.

तेव्हा रूपाची चिंता मला फारशी नाही. रूपाला पैसे मोजणारे भेटतात. चिंता आहे ती नावाची. पडद्यावर गाण्याखाली चित्रपटाचे नाव येते, एखाद्या गायकाचे येते. शब्द कोणाचे, तबला कोणाचा, हे पुष्कळदा येतच नाही. २०२० साली हिंदी चित्रपटांच्या काही गीतकारांना आपले नाव द्या, एवढे मागण्यासाठी एक गाणेच रचून प्रसिद्ध करावे लागले. गौहर जान यांनी १९०२ साली गाण्याच्या शेवटी आपले नाव सांगितले होते. त्या जागीच आपण फिरून येऊन पोहोचलो की काय, असे वाटते.

सरकारी दप्तरात निम्मे आयुष्य गेलेल्या माणसाला वेष्टनाचे महत्त्व वेगळे पटवावे लागत नाही. फाइलीच्या मुखपृष्ठावर विषय, क्रमांक, वर्ष लिहिलेले असते. ते फाटून गेले की आतले कागद कितीही मोलाचे असोत, ते पोरके होतात; कोणाचे, कधीचे, कशासाठी, काही सांगता येत नाही. संगीताचेही असेच आहे. आपल्या आकाशवाणीचेच उदाहरण घ्या. १९५५ साली पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडके यांचे संगीत. तेव्हा ती गीते माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, राम फाटक अशा अनेकांनी गायिली. पुढे रेकॉर्डी झाल्या त्या सुधीर फडके यांच्या आवाजात, आणि घराघरांत तोच आवाज राहिला, तो योग्यतेनेच राहिला. पण मूळ प्रक्षेपणात कोणते गीत कोणी गायिले, हे आज किती जणांना सांगता येईल? जे वेष्टनावर छापले गेले ते स्मरणात उरले. जे हवेत गेले ते त्या काळच्या श्रोत्यांबरोबर विरत चालले आहे.

मुंबईतील ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’सारख्या संग्राहकांच्या संस्थेने जुन्या रेकॉर्डांची माहिती जमवण्याचे मोठे काम केले आहे. परंतु हे काम संस्थांवर सोपवून मोकळे होण्याजोगे नाही. आजही इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव अशा गावांतील मराठी घरांच्या माळ्यांवर रेकॉर्डांचे गठ्ठे पडून असतील. ग्रामोफोन केव्हाच बिघडला, म्हणून ते रद्दीत देण्याचा विचारही चालला असेल. अशा घरांना माझी विनंती आहे. तबकडीवर चरे पडले असतील, ती वाजत नसेल, तिचे गाणे मोबाइलवर फुकट मिळत असेल. तरी तिचे वेष्टन टाकू नका. त्याची पाठ वाचा. तेथे बारीक अक्षरात तबलजीचे नाव असेल, सारंगियाचे असेल, ते वहीत उतरून घ्या, नाहीतर त्याचे छायाचित्र काढून ठेवा. घरातल्या वडीलधाऱ्यांपैकी कोणी ती रेकॉर्ड कोठून आणि कोणत्या साली आणली हे सांगत असेल, तर तेही त्याखाली लिहा.

चित्रकाराने त्या चौकोनाला रूप दिले, त्याबद्दल त्याचे ऋण मानू. पण गाणाऱ्याच्या मागे बसून ज्यांनी ठेका धरला, ज्यांनी शब्द दिले, त्यांच्या हयातीचा पुरावा अनेकदा त्या पुठ्ठ्याच्या पाठीवरची एक ओळ एवढाच आहे. ती ओळ पुसली जाऊ नये.